मूर्खाची थोरवी

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खाच्या लक्षणांनी केली आणि शेवट पढतमूर्खाच्या. खुलताबाद तालुक्याच्या माळावर मूर्खाचा आणखी एक प्रकार भेटतो, तो या दोन्ही समासांत बसत नाही. हा मूर्ख विहिरी खोदतो. एप्रिल-मे महिन्यात, गावात पिण्याच्या पाण्याचे टँकर फिरत असताना, पन्नास-साठ फूट खोल खड्ड्यात उतरून तो आधी खडकावर पाणी सोडतो आणि मगच मशीन हातात धरतो. काठावरून कोणीतरी ओरडतं, "येडं झालं का रं? पाण्यासाठी इहीर खांदायची, अन् हाय ते पाणी दगडावर वतायचं?" तो मान वर करत नाही. पाणी सोडत राहतो.

गावाच्या हिशोबानं तो मूर्ख आहे. त्याच्यापायी काम लांबतं, पाणी जातं, ट्रॅक्टरवाला खोळंबतो. मला त्याची स्तुती करायची आहे, हातचं काही न राखता. त्या खड्ड्यात स्वतःच्या छातीचा विचार करणारा तो एकटाच माणूस आहे.

त्याचा वेडेपणा नीट कळावा म्हणून आधी शहाण्यांची रीत सांगतो. खुलताबाद दख्खनच्या बेसाल्टवर वसलंय. वर हात-दोन हात माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. वरचा पोचट थर पोकलेन काढून देतं. पाषाण लागला की कॉम्प्रेसर बसवलेला ट्रॅक्टर येऊन काठावर उभा राहतो. तिथून रबरी पाइप खाली सुटतो, त्याच्या टोकाला जॅकहॅमर. तळाशी होल मारायचे, त्यात जिलेटीनच्या कांड्या ठासायच्या, सुरुंग उडवायचा आणि फुटलेला दगड यारीनं वर काढायचा. खोदणाऱ्या टोळीचं काम परसावर किंवा उक्तं ठरलेलं असतं. ट्रॅक्टरवाल्याचे पैसे होलाच्या फुटावर. जो थांबला त्याचं नुकसान, असा हा सगळा व्यवहार आहे.

कोरडा होल कसा मारतात ते जवळून पाहावं. रॉड आतून पोकळ असतो. त्या पोकळीतून दाबाची हवा तळापर्यंत जाते आणि दगडाचा भुगा वर फेकते. होलाच्या तोंडातून राखाडी कारंजं उडतं. मशीनवर भार देण्यासाठी माणूस पुढे वाकलेला असतो, त्यामुळे हे कारंजं थेट त्याच्या तोंडावर येतं. थोड्याच वेळात पापण्या, कानाच्या पाळ्या, मिशा, मानेवरच्या घामाच्या रेघा सगळं एका रंगाचं होतं. होल पुरा झाला की आत साचलेला भुगा काढायला पुन्हा एकदा जोरात हवा मारतात, आणि समोरचा माणूस काही क्षण दिसेनासा होतो. विहिरीला चहूबाजूंनी भिंती असतात. वारा वरच्या वर निघून जातो. धूळ आणि माणूस तळाशी सोबतच राहतात.

आता आपल्या मूर्खाकडे वळू. त्याचा पहिला मूर्खपणा पाण्याचा. ज्याला पाणी आत सोडणारं मशीन मिळतं तो रॉडमधूनच पाणी सोडतो. ज्याला मिळत नाही तो होलाच्या तोंडाशी बारीक नळीची धार धरायला एक माणूस बसवतो आणि रॉडभोवती ओलं गोणपाट गुंडाळतो. मग भुगा उडत नाही, रबडी होऊन ओघळतो. यात पाण्याची नासाडी किती? अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य-सुरक्षेच्या सरकारी संशोधन संस्थेनं काँक्रीट फोडणाऱ्या जॅकहॅमरला फवारा लावून मोजमाप केलं आणि 2008 मध्ये ते जाहीर केलं. मिनिटाला सुमारे 350 मिलिलिटर पाणी पुरलं, आणि फुप्फुसात खोल जाणारी धूळ 72 ते 90 टक्क्यांनी घटली. हा हिशोब आपल्या विहिरीवर मांडू. तासाला 21 लिटर. दिवसभरात मशीन प्रत्यक्ष चार तास चाललं तर 84 लिटर. दोनशे लिटरचं टिपाड निम्मंही रिकामं होत नाही. खडकातल्या खोल होलाला दुप्पट पाणी लागेल असं धरलं तरी टिपाडात पाणी उरतं. तिप्पट धरलं तर सव्वा टिपाड. पाच हजार लिटरच्या टँकरमधून अशी पंचवीस टिपाडं भरतात. दुष्काळात एवढं पाणी जड वाटतं हे खरं आहे. पण विहीर पुरी होईपर्यंत टोळीच्या फुप्फुसांचं मोल रोजी एक टिपाड पाणी इतकंच ठरत असेल, तर ते पाणी ओतणाऱ्या माणसाचा हिशोब बिनचूक आहे.

त्या धुळीचं मोजमापही सांगायला हवं. आपल्या डोळ्यांना दिसते ती जाड धूळ. ती नाकात अडकते, घशात खवखवते, खाकरून बाहेर पडते. तिचा त्रास जाणवतो, म्हणून माणूस तिलाच घाबरतो. छातीत उतरणारे कण साधारण चार-पाच मायक्रॉनहून बारीक असतात. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाडीचा. असा कण श्वासनलिकेतल्या कफाच्या आणि सूक्ष्म केसांच्या पहाऱ्यातून सुटून वायुकोशापर्यंत पोचतो. तिथं शरीराच्या संरक्षक पेशी त्याला गिळतात. कण सिलिकाच्या स्फटिकाचा असेल तर गिळणारी पेशीच मरते, कण पुन्हा मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळायला येते. या झटापटीच्या जागी व्रण साचत जातात. फुप्फुसाचा मऊपणा जातो, दम लागू लागतो. हा सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो, आणि ज्याला तो झाला त्याला क्षयरोग होण्याची भीती कितीतरी पटींनी जास्त असते. ताज्या फुटलेल्या दगडाची धूळ जुन्या धुळीपेक्षा जास्त घातक असते, आणि विहिरीच्या तळाशी सगळी धूळ ताजीच असते.

दुसरा मूर्खपणा थांबण्याचा. सुरुंग उडाला की शहाणी टोळी धूर जरा विरळ झाला की खाली उतरते. आपला मूर्ख काठावर बसून राहतो, आणि उतरल्यावर दगडाला हात लावण्याआधी सगळा ढिगारा भिजवून घेतो. मुकादम चिडतो, "निस्तं बसून ऱ्हायला पैसे देत न्हाई कोनी." यात पदार्थविज्ञान मूर्खाच्या बाजूला आहे. हवा स्थिर असेल तर पाच मायक्रॉनचा दगडाचा कण माणसाच्या नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला दहा-पंधरा मिनिटं घेतो. एक मायक्रॉनच्या कणाला तेवढंच अंतर उतरायला पाच तासांच्या आसपास लागतात. डोळ्यांना हवा स्वच्छ दिसते तेव्हाही घातक धूळ नाकासमोरच तरंगत असते. शिवाय सुरुंगाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड असतात, आणि खोल खड्ड्यात ते रेंगाळतात. म्हणून तो थांबतो, म्हणून भिजवतो, आणि जमलं तर काठावरून पंखा लावून पाइपानं ताजी हवा तळाशी सोडायला सांगतो. शेवटच्या मागणीचं सगळ्यात जास्त हसं होतं.

तिसरा मूर्खपणा ट्रॅक्टर हलवायला लावण्याचा. कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर जिथं जागा सपाट तिथं उभा करायची रीत आहे. मूर्ख वाऱ्याची दिशा पाहतो आणि म्हणतो, तिकडून काढा, वाऱ्याच्या खालच्या अंगाला लावा, धूर आत येतोय. पाइप अपुरा पडतो, जोड द्यावा लागतो, अर्धा तास जातो. पण डिझेलच्या धुराला पाण्याचं भय नाही. ओल्या होलानं दगडाची धूळ बसते. डिझेलचे काजळीकण बहुतेक एका मायक्रॉनच्याही दहाव्या हिश्शाहून बारीक असतात, त्यांना पाण्याचा थेंब पकडू शकत नाही. त्यांच्यावर उपाय तीनच. धूर मुळात कमी करणं, तो गाळून घेणं, नाहीतर हवा खेळती ठेवणं.

जगभरच्या भूमिगत खाणींत हा प्रश्न मोठा आहे, कारण तिथं डिझेलवर चालणारे लोडर आणि डंपर बोगद्यातच फिरतात. अमेरिकेत आठ खाणींतल्या 12,315 कामगारांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2012 च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाले. त्या खाणी चुनखडी, पोटॅश, मीठ आणि ट्रोना यांच्या होत्या, म्हणजे दगडाच्या धुळीचा गोंधळ कमी आणि डिझेलचा परिणाम स्पष्ट. जसजसा धुराचा संपर्क जास्त, तसतसा फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त, असं दिसलं. त्याच वर्षी जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला. सिलिकाचे स्फटिक त्याच गटात 1997 पासून आहेत. विहिरीत ट्रॅक्टर वर असतो आणि धूर बहुतांशी उघड्यावर जातो, हा फरक मान्य. पण वारा काठाकडून खड्ड्याकडे असेल तर दिवसभर तो धूर श्वासात घेणारा माणूस वेगळा नसतो. ट्रॅक्टर हलवायला सांगणाऱ्यानं अर्धा तास घेतला आणि दोन विषांपैकी एक परत पाठवलं.

चौथा मूर्खपणा तोंडाला मास्क बांधण्याचा. बाकीचे गमछा किंवा उपरणं गुंडाळतात. गमछा जाड धूळ अडवतो, त्यामुळे घसा खवखवत नाही आणि माणसाला वाटतं आपण सुरक्षित आहोत. बारीक कण कापडातून सुखेनैव आत जातात. एन-95 मास्क बारीक कणही किमान 95 टक्के अडवतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढीच्या खुंटांनी फट पडली तरी त्याचा उपयोग घटतो. मे महिन्याच्या उन्हात, तापलेल्या खडकाच्या खड्ड्यात, घामानं भिजलेला घट्ट मास्क बांधून जॅकहॅमर धरणं म्हणजे काय, हे ते करणाऱ्यालाच माहीत. लोक म्हणतात कोरोना गेला, याचा मास्क काही गेला नाही. हा मूर्खपणा मला सगळ्यात मोठा वाटतो, कारण त्याचा त्रास रोजचा आणि त्याचं फळ वीस वर्षांनी. वीस वर्षांनंतरच्या श्वासासाठी आज गुदमरून घ्यायला फार मोठी हिंमत लागते.

पाचवा मूर्खपणा दवाखान्यातला. छातीचा फोटो काढल्यावर डाग दिसले की क्षयाचं औषध सुरू होतं. सिलिकोसिसचे डाग आणि क्षयाचे डाग दिसायला पुष्कळदा सारखे असतात, आणि एकाच छातीत दोन्हीही असू शकतात. मूर्ख मात्र न विचारता डॉक्टरांना सांगतो, "साहेब, मी बारा वर्षं इहिरी खांदतो." इटलीच्या बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्यानं 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला तेव्हा इतर वैद्यांना हेच सांगितलं होतं, की रोग्याला आणखी एक प्रश्न विचारा, तुझा धंदा काय? सव्वातीनशे वर्षांनंतर तो प्रश्न विचारला गेला नाही तरी उत्तर देणारा रोगी खुलताबादच्या रांगेत बसलेला असेल, तर मानाचं पान त्याचंच.

इथं शहाण्यांची सर्वांत वजनदार हरकत ऐकून घेतली पाहिजे, कारण ती निराधार नाही. ते म्हणतात, आपला काळा दगड साधा आहे. राजस्थानचा वालुकाश्म वेगळा, गुजरातचं क्वार्ट्झ वेगळं. हे खरं आहे. बेसाल्टमध्ये सिलिका भरपूर असते, पण ती इतर खनिजांत बांधलेली असते. मोकळं क्वार्ट्झ थोडं असतं, म्हणून त्याची धूळ वालुकाश्माच्या धुळीइतकी जहाल नाही. पण दख्खनच्या लाव्ह्यात हवेचे बुडबुडे अडकून पोकळ्या झाल्या आणि पुढे त्या गारगोटीनं, अकीकानं, झिओलाइटनं भरल्या. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हेच स्फटिक काचेआड ठेवलेले आहेत आणि लोक ते पाहून थक्क होतात. विहीर खोदताना असाच एखादा गारगोटीचा पट्टा लागला, की साध्या दगडाचा होल चकमकीचा होतो, आणि मशीन धरणाऱ्याला तो कुठं सुरू झाला नि कुठं संपला हे कळत नाही.

धोका क्वार्ट्झच्या प्रमाणावर कसा अवलंबून असतो याचं गणित आपल्या खाण-नियमांतच आहे. पंधराला मोकळ्या सिलिकाच्या टक्केवारीनं भागायचं, येईल तितके मिलिग्रॅम दर घनमीटरला चालतील. धुळीत 5 टक्के सिलिका असेल तर 3 मिलिग्रॅम, 30 टक्के असेल तर अर्धा मिलिग्रॅम. दगड किती साधा आहे हे धूळ गोळा करून तपासल्यावरच कळतं. तपासणी न करता दगडाला साधा म्हणणं हा शहाण्यांचा अंदाज आहे, आणि अंदाजाची जोखीम घेणारी छाती त्यांची नाही. शिवाय खोदणारी टोळी एका तालुक्यात बांधलेली नसते. आज खुलताबादेत, पुढच्या हंगामात आणखी कुठं, पुढे एखाद्या बोगद्यावर. दगड बदलतो, फुप्फुस तेच राहतं.

या मूर्खाला पूर्वज आहेत. जॉर्जियस अॅग्रिकोला या जर्मन पंडितानं 1556 मध्ये छापल्या गेलेल्या खाणविद्येच्या ग्रंथात लिहून ठेवलं, की कार्पेथियन डोंगरांतल्या खाणींच्या गावात अशा बायका भेटतात ज्यांचे सात नवरे धुळीनं खाल्ले. त्याच ग्रंथात तो खाणकामगारांना तोंडावर सैल पडदा बांधायला सांगतो आणि हवा आत ढकलणाऱ्या यंत्रांची चित्रं देतो. पुढे 1897 च्या सुमारास अमेरिकेत कोलोरॅडोच्या जॉन जॉर्ज लायनरनं पोकळ रॉडमधून हवा मारणारं ड्रिल बनवलं. आपल्या विहिरीवरच्या मशीनचं ते मूळ रूप. ते वेगवान होतं, पण एवढी धूळ उडवायचं की खाणकामगारांनी ते हातात धरायला नकार दिला. लायनर रागावला नाही. त्यानं त्याच पोकळीतून हवेसोबत पाणी सोडलं आणि ओलं ड्रिल जन्माला आलं. त्या काळच्या कोरड्या ड्रिलला कामगारांनी विधवा करणारं मशीन असं नाव ठेवलं होतं. नकार देणारे ते कामगार मालकांच्या लेखी आडमुठे ठरले असतील. आज जगभर भूमिगत खाणींत ओलं ड्रिलिंग हा नियम आहे, तो त्या आडमुठेपणानं मिळवून दिलेला आहे.

शहाणे जिंकले की काय होतं तेही नोंदलेलं आहे. वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्ट इथं 1930 मध्ये जलविद्युत प्रकल्पासाठी जवळजवळ पाच किलोमीटरचा बोगदा खोदायला घेतला. डोंगर क्वार्ट्झनं भरलेला होता. वेळ वाचवायला कोरडे होल मारले. कामावरचे बहुसंख्य मजूर दक्षिणेकडून आलेले गरीब कृष्णवर्णीय होते. पुढे 1936 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीनं चौकशी केली तेव्हा 476 मृत्यूंचा आकडा समोर आला, नंतरच्या अभ्यासकांनी तो 700 च्या पुढे नेला. पुष्कळांना रोग जडायला वीस वर्षं लागली नाहीत, दोन-चार वर्षंच पुरली. तो बोगदा वेळेआधी पुरा झाला. शहाणपणाचा तो विजय अजून उभा आहे, त्यातून पाणी वाहतं आणि वीज तयार होते.

खुलताबादच्या माणसाला खोदकाम आणि हवा यांचं नातं शिकायला इतक्या लांब जायची गरज नाही. खाली वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात कोरलं, आणि ते डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलं. अंगण सुमारे 276 फूट लांब, 154 फूट रुंद, मागची भिंत सुमारे 107 फूट उंच. खोलीपेक्षा रुंदी जास्त, वर उघडं आभाळ, हातात छन्नी आणि हातोडा. त्या खड्ड्यात वारा उतरत होता. आपली विहीर वीस-पंचवीस फूट रुंद आणि साठ फूट खोल, आणि हातात मिनिटाला शेकडो ठोके देणारं यंत्र. यंत्र मोठं झालं, तोंड लहान झालं. खुलताबादेतच मलिक अंबरची कबर आहे. 1626 मध्ये तो वारला. त्यानं खडकी शहराला पाणी आणण्यासाठी जमिनीखालून नहर नेली, तेव्हा तिच्यावर ठरावीक अंतरानं उभी तोंडं ठेवली. जमिनीखाली काम करायचं तर वर उघडणारी तोंडं हवीत, हे त्या काळी या मातीत ठाऊक होतं.

आता कायद्याकडे पाहू. महाराष्ट्रात भूमिगत खाणी आहेत. भंडारा जिल्ह्यात चिखला, नागपूर जिल्ह्यात कांद्री, मनसर आणि गुमगाव इथं मँगनीज जमिनीखालून काढतात. मँगनीजची धूळ फार वर्षं छातीत गेली तर मेंदूवर परिणाम होतो, कंपवातासारखा आजार होतो. तिथल्या कामगारासाठी 1961 ची धातुखाण नियमावली झाली. तिच्यात ओल्या ड्रिलिंगची तरतूद आहे, हवेतली धूळ मोजण्याची आहे. खाणकामगारांच्या आरोग्यासाठी नागपुरात एक राष्ट्रीय संस्था होती, ती 2019 मध्ये अहमदाबादच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन झाली. हे नियम पाळले जातात की नाही यावर वाद होऊ शकतो, पण वाद घालायला नियम तरी आहे.

विहिरीत मात्र तो नाही. 1952 च्या खाण कायद्यानं खाणीची व्याख्या केली ती खनिज शोधण्यासाठी किंवा काढण्यासाठी केलेलं उत्खनन अशी. विहीर पाण्यासाठी असते, म्हणून ती खाण ठरली नाही. तोच खडक, तोच ड्रिल, तोच सुरुंग, तीच धूळ, पण कायद्यानं खड्ड्याचा हेतू पाहिला आणि माणूस पाहिला नाही. विहिरीतून वर आलेला दगड विकायला नेला तर महसूल खात्याच्या लेखी तो गौण खनिज ठरतो. ज्या माणसानं तो दगड फोडला त्याच्या छातीतला त्याच दगडाचा भुगा कोणत्याही खात्यात धरला जात नाही.

इतर राज्यांत काय झालं ते पाहिलं तर हे किती महाग पडतं ते कळतं. मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ आणि धार जिल्ह्यांतले आदिवासी मजूर गोध्रा भागातल्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले. त्यांतल्या 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये गुजरात सरकारला दिला. राजस्थाननं 2019 मध्ये या आजारासाठी स्वतंत्र धोरण आणलं, त्यात निदान झाल्यावर 3 लाख आणि मृत्यूनंतर वारसांना 2 लाखांची मदत ठेवली. ही रक्कम टिपाडभर पाण्याशी ताडून पाहा. पाणी आधी दिलं असतं तर भरपाईची वेळच आली नसती.

म्हणून मी म्हणतो, हा मूर्ख थोर आहे. पण त्याची थोरवी गाऊन थांबलं तर ती त्याच्याशी बेइमानी होईल. आज तो पाणी सोडतो ते स्वतःच्या मजुरीतून, थांबतो तो स्वतःच्या वेळेतून, मास्क आणतो तो स्वतःच्या खिशातून, आणि वर हसू ऐकून घेतो. जी गोष्ट करायला माणसाला हिंमत आणि पदरचे पैसे लागतात ती फार थोडे लोक करतात. बाकीची टोळी कोरडी खोदत राहते, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण दर तसाच ठरलेला असतो.

खुलताबाद तालुक्यात आणि मराठवाडाभर कितीतरी विहिरी सरकारी पैशातून होतात. रोजगार हमीतून झाल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून झाल्या, बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेतून झाल्या. प्रत्येकीचं अंदाजपत्रक बनतं, मोजमाप पुस्तकात नोंदी होतात, हप्ते सुटतात. त्या अंदाजपत्रकात कठीण खडकाच्या खोदाईखाली काही बाबी स्वतंत्र ओळींत लिहिल्या जाव्यात. होलासाठी पाणी, रोज एक टिपाड. सुरुंगानंतर थांबण्याचा वेळ, मजुरीसह. तळापर्यंत हवा सोडणारा पंखा आणि पाइप. प्रत्येक माणसामागे पुरेसे मास्क. वर्षातून एकदा टोळीच्या छातीचा फोटो तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, आणि केसपेपरवर धंदा लिहिण्यासाठी एक रकाना. हप्ता सोडताना अभियंत्यानं विहिरीची खोली मोजावी तसं टिपाडही पाहावं. खासगी विहीर असेल तर ट्रॅक्टरवाल्यानं फुटाचा दर ओल्या होलाचा सांगावा आणि शेतकऱ्यानं तो द्यावा. दर सगळ्यांना सारखा झाला, की पाणी सोडणाऱ्याचं नुकसान थांबतं आणि कोरडं खोदणाऱ्याचा फायदा संपतो.

हे झालं तर खुलताबादच्या माळावरची मूर्खाची ही जात नामशेष होईल, कारण तो जे करतो ते सगळेच करतील. मला तो दिवस हवा आहे. तोवर ज्याची विहीर आहे त्यानं खोदणाऱ्याला हसण्याआधी टिपाड भरून द्यावं, आणि ट्रॅक्टर वाऱ्याच्या खालच्या अंगाला लावायला स्वतः सांगावं.